सहा बत्ते आणि मी

गेल्या महिन्यात आमच्या कारेलीबागेतल्या शेजाऱ्यांचे जावई दोन छापील कागद घेऊन माझ्याकडे आले. घरच्या घरी घासायला, कोरायला, बारीक भोकं पाडायला विजेवर फिरणारं हातयंत्र त्यांना घ्यायचं होतं आणि दोन मॉडेलांत मन अडकलं होतं. काका, यातलं कुठलं घेऊ? मी विचारलं, तुम्ही बसणार कुठं? त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही. त्यांनी आपला प्रश्न मोठ्यानं विचारला. मग मीही माझा मोठ्यानं विचारला. काका आता थकले, असं घरी जाऊन सांगितलं असणार त्यांनी.

पण बडोद्यात हे सामान विकण्यात माझा जन्म गेला, आणि सुरुवातीची दोन गिऱ्हाइकं सोडली तर येणाऱ्या प्रत्येकाला मी हाच प्रश्न पहिल्यांदा विचारत आलो. एकदाच विचारला नाही. मुद्दाम विचारला नाही. दिवाळी अंकाला धंद्यातली हकिगत हवी आहे तर ती सांगतो.

महाराजांच्या अखेरच्या काही वर्षांतली ही गोष्ट. मी मूळचा बेळगावकडचा, खानापुराच्या अलीकडचा. मराठी पाचवीत शाळा सोडली. बडोद्यात जन्मलो असतो तर पोराला शाळेत धाडत नाही म्हणून माझ्या बापाला सरकारनं दंड केला असता. बेळगावास तसली सोय नव्हती, त्यामुळं बाप सुटला आणि मी अडकलो. आधी सायकली, मग विजेच्या तारा असं शिकत शिकत बाविसाव्या वर्षी एका ओळखीच्या माणसाची चिठ्ठी घेऊन मी इथं उतरलो आणि रावपुऱ्यातल्या चिमनशेठच्या विजेच्या सामानाच्या दुकानात चिकटलो.

शेठनी मला ठेवलं ते माझ्या हुशारीकडे बघून नव्हे. दरबारी नोकरीतून पेन्शनीत आलेली मराठी साहेब मंडळी गावात पुष्कळ. त्यांच्याजवळ वेळ भरपूर, हौस त्याहून भरपूर. त्यांच्याशी मराठी बोलायला दुकानात माणूस हवा होता. माझं ‘काय की हो, नाही की हो’ ऐकून साहेब लोक हसत. शेठ म्हणत, हसू दे, हसणारा घराक पळत नाही. घराक म्हणजे गिऱ्हाईक.

दुकानाच्या माळ्यावर मला झोपायला जागा मिळाली होती. त्या उपकाराखाली मी इतका वाकलो होतो की शेठ ओरडले तरी माझ्या तोंडून ‘आभारी आहे’ निघे. एकदा ते वैतागून म्हणाले, “भाई, गाळ दउं छुं, परसाद नथी आपतो.” शिव्या देतोय, प्रसाद वाटत नाही. मी त्याबद्दलही आभार मानले. रोज सकाळी फळ्या उघडताना मला वाटे, आज कामावरून काढणार. काढलं तर परत गावी जायचं, आणि गावी सगळ्यांना सांगून ठेवलेलं की मी बडोद्यास ‘इलेक्ट्रिक’मध्ये आहे.

आता यंत्राविषयी. छोटी मोटर, तिला दिव्याच्या होल्डरात खोचायची दोरी, आणि टोकाला चिमट्यासारखं एक तोंड. त्या तोंडात सहाणेची चकती धरली की घासतं, टोचा धरला की कोरतं, गिरमिटासारखं पातं धरलं की भोक पाडतं. जोर लावायचा नाही, हे याचं मुख्य शास्त्र. वेग यंत्राचा, आपण नुसतं दाखवायचं. माणसाला दाबल्याशिवाय काम होतंय असं वाटतच नाही, म्हणून नवी माणसं दाबतात आणि मोटर जळल्याचा वास घेऊन दुकानात येतात.

शेठनी ही यंत्रं मुंबईहून दंतवैद्यांसाठी आणवली. आमचे दंतवैद्य पायानं चालवायच्या यंत्रावर खूश होते, त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. मग शेठनी ती हौशी लोकांना घरकामासाठी विकायची ठरवली. त्यांत दोन जाती होत्या. दुकानात आम्ही त्यांना टांगता आणि बत्ता म्हणायचो.

टांगत्याची मोटर भिंतीवरच्या हुकाला लटकवायची. तिच्यातून एक लवचिक नळी निघे, आत पोलादी तार फिरे, आणि नळीच्या शेवटी बोरूएवढी बारीक मूठ. वजन सगळं भिंतीला, माणसाच्या हातात नुसतं टोक. बत्त्याची मोटर मुठीतच. खलबत्त्यातल्या बत्त्यासारखा दिसे आणि तितकाच जड. दहा मिनिटांत तो तापे, पंधराव्या मिनिटाला धरणारा तापे. लोखंड घासायला, लाकूड खरवडायला बत्त्यासारखा गडी नाही. पण त्याचं तोंड मोठं, जाड दांड्याच धरणारं. बारीक टोचा बसवायचा तर मध्ये पत्र्याची पुंगळी घालावी लागे, आणि पुंगळी घातली की टोक थरथरायचं.

म्हणून विचारायचं, बसणार कुठं. खाली मांडी घालून की टेबलाशी? वर हुक आहे का? दिवा कुठं आहे? घरात आणखी कोण आहे?

हे मला शिकवलं ते दोन गिऱ्हाइकांनी. एक वकील होते, छोटालालभाई. त्यांना टांगता दिला. घरात भक्कम हुक एकच, ओसरीवरच्या झोपाळ्याच्या कडीचा. त्यांनी झोपाळा उतरवून तिथं मोटर टांगली. त्यांच्या आई बरोबर त्या जागी खाली जमिनीवर जाऊन बसल्या आणि उठेनात. मी यंत्र बघायला गेलो तर आजी म्हणाल्या, “पहेलां मारो हींचको, पछी आनुं रमकडुं.” आधी माझा झोपाळा, मग याचं खेळणं. वकीलसाहेब कोर्टात कुणाचं ऐकत नसत म्हणे. इथं त्यांनी मुकाट्यानं मोटर उतरवली आणि खिडकीच्या गजाला बांधली.

दुसरे एक मास्तर. त्यांची तक्रार अशी की तुमचं यंत्र सुरू केलं की खोलीत अंधार होतो. जाऊन बघतो तर दिवा एकच, आणि तोच काढून त्या होल्डरात यांनी यंत्राची दोरी खोचलेली. काम संध्याकाळीच करायचे, कारण दिवसा शाळा. सहा दिवस त्यांनी असं चाचपडत चंदनाच्या पेटीवर मोर कोरला होता. मोर म्हणून बघितलं तर वाईट होता, पण अंधारात केलेला म्हणून उत्तम होता. मी त्यांना दोन तोंडांचा होल्डर बसवून दिला. उजेड पडल्यावर मोर बघून ते जरा खिन्न झाले.

असं चाललं होतं. टांगते आले की जात. बत्त्यांना कुणी विचारीना. गणपतीच्या सुमारास शेठनी मला गादीजवळ बोलावलं. फळीवर सहा बत्ते ओळीनं उभे होते, शेजारी दोन टांगते. शेठ म्हणाले, टांगता आपोआप विकला जातो, त्याला माणूस कशाला हवा? तुला ठेवलाय तो बत्त्यासाठी. मग सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, “दिवाळी पहेलां छए बत्ता जवा जोईए. बत्ता जाय तो तुं रहे.” दिवाळीच्या आत सहाही गेले पाहिजेत. बत्ते गेले तर तू राहशील. तोवर टांगता फळीवरून उतरवायचाच नाही.

त्यांनी दोन्ही टांगते वर्तमानपत्रात गुंडाळून वरच्या फळीवर सारले. मी आभारी आहे म्हणालो.

पहिले दोन बत्ते नेकीनं गेले. एक लोखंडी दरवाजे करणाऱ्या कंत्राटदाराकडे, एक लाकडी हत्तीघोड्यांचा नाद असलेल्या गृहस्थांकडे. तिसऱ्याला नानासाहेब टिपणीस आले.

नानासाहेब दफ्तरातून पेन्शनीत आलेले. हुकमाच्या शुद्ध प्रती त्यांच्या हातानं उतरायच्या. रेघ न आखता लिहीत आणि ओळ केसभर वाकडी जात नसे. ही ख्याती मी ऐकून होतो. तुळशीच्या लग्नानंतर त्यांच्या धाकट्या मुलीचं, कुसुमताईंचं लग्न होतं. तांब्यापितळेची भांडी घेऊन झाली होती, त्यांवर नावं घालायची होती. आपल्याकडे ती तांबट घालतो, खिळ्यानं ठोकून, ठिपक्या ठिपक्यांनी. नानासाहेबांना ते पसंत नव्हतं. म्हणाले, “ती नावं नव्हेत, देवीचे वण आहेत. मुलीच्या भांड्यावर बापाचं अक्षर जायला हवं. बेळगावकर, अक्षर काढायला यातलं कुठलं?”

कुठलं ते मला पुरतं ठाऊक होतं. माझी मान आपोआप वर वळली. शेठ गादीवर बसून पेन्सिलीनं कान कोरत होते, पण लक्ष माझ्याकडे.

नानासाहेबांनी वर बोट केलं. त्या कागदात काय आहे? ते दंतवैद्यांचं आहे, मी म्हणालो. आणलं दंतवैद्यांसाठीच होतं, तेव्हा वाक्य खरं होतं. मग मी बत्ता उतरवला, पुंगळी घातली, टोचा बसवला, आणि यानं अक्षर झकास उठतं असं सांगितलं. हे वाक्य खरं नव्हतं. बसणार कुठं, हे मी विचारलंच नाही. नानासाहेब बत्ता हातात तोलून म्हणाले, जड आहे. मी म्हणालो, मजबूत आहे.

दहाएक दिवसांनी त्यांचा निरोप आला, घरी येऊन जा. सुरसागराच्या मागच्या गल्लीत घर. मी जिना चढताना मनात सगळी उत्तरं जुळवत होतो. मोटर गरम होते म्हणाले तर हे सांगायचं, दोरी तोकडी म्हणाले तर ते.

त्यांतलं एकही लागलं नाही. माईंना, म्हणजे आपल्या पत्नीला, नानासाहेबांनी डबे आणायला सांगितलं. माई डबे ठेवता ठेवता म्हणाल्या, “बघा, आमच्या डब्यांवरून गांडूळ गेलंय.” खरंच तसं होतं. प्रत्येक रेघ दुहेरी, कापरी, वळणावर घसरलेली. एका तांब्याच्या काठाला तर आरपार चीर. मला पुंगळी दिसली, टोचा दिसला, मोटरचा सगळा थरकाप त्या अक्षरांत दिसला.

“यंत्र उत्तम आहे,” नानासाहेब म्हणाले. “हात गेला माझा.”

मी म्हणालो, तसं नसेल. कागदावर लिहून बघितलं का?

“कागदावर निभतं अजून, सवयीनं. कागद जुना स्नेही, सांभाळून घेतो. धातूनं खरं सांगितलं.” ते अगदी शांतपणे बोलत होते, एखादा हुकूम वाचून दाखवावा तसे. भांडी उद्या तांबटाकडे जातील. लग्नाच्या पत्रिका ते हातानं लिहिणार होते, त्याही आता छापखान्यात. मग त्यांनी एक घडी केलेला कागद पुढं केला. परगावाहून आलेल्या पोराला कुणी यंत्राबद्दल बोल लावू नये म्हणून त्यांनी प्रशस्तिपत्र लिहिलं होतं. मी उघडलं. यंत्र निर्दोष असून दोष वापरणाराचा आहे, असा मजकूर. खाली सही. रेघ न आखलेला कागद आणि ओळी अशा सरळ की वरून दोरा धरावा. एकही काना हललेला नव्हता.

त्या काळी असं पत्र दुकानात काचेत घालून लावत. हे पत्र लागलं की उरलेले बत्ते गेलेच म्हणायचे, आणि मी राहिलोच. मी आभार मानले. नेहमीपेक्षा जास्तच मानले असतील. पत्र खिशात घालून खाली आलो.

दारात कुसुमताई उभ्या होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, “बाबा दिवसभर हाताकडे बघत बसतात हो. तुम्ही वर जाऊन म्हणा ना, यंत्रच बिघडलेलं होतं. खोटं बोललात तरी चालेल.”

मी चपला घालत होतो. एक घातली होती, एक राहिली होती. तसाच परत वर गेलो.

नानासाहेब, म्हटलं, हात गेला नाही. यंत्र चुकीचं दिलं मी. अक्षराचं यंत्र वेगळं असतं.

ते हसले. “कुसुमनं पाठवलं ना?”

त्यांनी विश्वास ठेवला नाही. मी पुंगळीचं सांगितलं, थरथरीचं सांगितलं, ते मान हलवत राहिले, लेकीच्या समजूतदारपणावर खूश होत. आयुष्यात पहिल्यांदा मी खरं बोलून बसलो होतो आणि ते खपत नव्हतं. खोटं कसं दहा दिवसांपूर्वी चटकन खपलं होतं. शेवटी मी म्हणालो, दुकानात चला. आत्ता चला. माई आतून म्हणाल्या, जा की, नाहीतरी इथं बसून डब्यांना नजर लावताय.

टांग्यात नानासाहेब माझ्या शेजारी, बत्ता माझ्या मांडीवर. रावपुरा येईपर्यंत मी घोड्याच्या पाठीकडे बघत होतो.

शेठ उठून उभे राहिले, आवो आवो साहेब म्हणाले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. स्टूल घेतलं, वरच्या फळीवरचं एक गाठोडं काढलं, वर्तमानपत्र फाडलं. शेठचा ‘आवो’ मध्येच थांबला. मी टांगता तराजूच्या हुकाला लटकवला, दोरी खोचली, टोचा बसवला आणि एका जुन्या तांब्याच्या झाकणीसकट मूठ नानासाहेबांच्या हातात दिली. म्हणालो, दाबू नका, लिहा नुसतं.

त्यांनी मूठ बोटांत फिरवून बघितली. मग झाकणीवर ‘चि. सौ. कां. कुसुम’ असं लिहिलं. एका दमात, वरची रेघ शेवटी एका ओढीत मारून. तांबं उजळत गेलं. त्यांनी झाकणी उजेडात धरली, तिरकी केली, पुन्हा सरळ धरली. मग झाकणी खाली ठेवून उजवा हात समोर पसरला आणि त्याच्याकडे बघत राहिले, बऱ्याच दिवसांनी माणूस घरी यावा तसे.

मग माझ्याकडे बघितलं.

“बेळगावकर, हे त्या दिवशी कुठं होतं?”

“फळीवर.”

“आणि तुम्हाला ठाऊक होतं?”

“हो.”

“का?”

शेठ समोर उभे होते. बत्ते गेले नाहीत तर मी जाणार होतो, असं मी सांगितलं. ते कारण मोठ्यानं उच्चारल्यावर मला वाटलं होतं त्यापेक्षा फारच लहान निघालं.

नानासाहेबांनी हात पुढं केला. “ते पत्र द्या परत.” मी दिलं. त्यांनी ते घडीवर घडी घालून कोटाच्या खिशात ठेवलं. शेठना म्हणाले, हे घ्या आणि ते द्या. शेठनी बत्ता घेतला, टांगता बांधून दिला, वर चार टोचे जास्तीचे दिले. नानासाहेब शेठचा निरोप घेऊन टांग्यात बसले.

पुढं लग्नाचं बोलावणं दुकानात आलं ते हातानं लिहिलेलं, शेठच्या नावानं. माझं नाव त्यात नव्हतं. अक्षर इतकं सुंदर होतं की मी ते पाकीट शेठच्या आधी चार वेळा वाचलं. नंतर रस्त्यात भेटले की ते नमस्कार घेत, पण बेळगावकर म्हणून हाक कधी मारली नाही. त्यांचा हात परत मिळाला, याचं समाधान मला आहे. दहा दिवस मीच तो काढून घेतला होता, हे मात्र अजून टोचतं.

त्या दुपारी टांगा वळला तसा मी माळ्यावर गेलो आणि वळकटी बांधू लागलो. शेठ खालून म्हणाले, “क्यां चाल्यो?” घरी, मी म्हणालो. खाली ये म्हणाले. वळकटी काखेत घेऊन उतरलो. शेठ परत आलेल्या बत्त्याची दोरी गुंडाळत बसले होते. ती पूर्ण गुंडाळून त्यांनी बत्ता फळीवर ठेवला. मी सवयीनं आभारी आहे म्हणणार होतो, पण कशाबद्दल ते कळेना.

मग शेठ त्यांच्या त्या मराठीत म्हणाले, “हे बघ भाई. आजपासून टांगताचा घराक आला तर तू बोल. बत्ताचा घराक आला तर तू चाय आणायला जा.”

दिवाळीपर्यंत मी फार वेळा चहा आणला. शेठनी आपल्या हिमतीवर एक बत्ता विकला. फळीवर तीन उरले. मीही उरलो.